सौनेतल्या बाटल्या

रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात परत टाकायच्या आणि त्या बदल्यात मिळालेल्या चिठ्ठीवर दूध-ब्रेड आणायचा, हे काम ओइवाचं. दर शनिवारी सकाळी तो पिशवी खांद्याला अडकवून निघे. त्यामुळे शेजारची हिल्क्का जिन्यात भेटून बोलली ते त्याच्या बायकोला, सायमीला, आधी कळलंच नाही.

"तुझा ओइवा परवा यंत्रापाशी उभा होता," हिल्क्का म्हणाली. "लोक बाटल्या परत टाकायला आणतात, आणि हा त्यांच्याकडून विकत घेतो. माझ्याकडूनही दोन घेतल्या. मोठ्या, सोड्याच्या. झाकणासकट हव्यात म्हणाला."

"विकत? आणि केलं काय त्यांचं?"

"ते मी तुला विचारणार होते. घरी घेऊन गेला की. पेन्शनीत भागत नसेल तर सांग बाई, बटाटे पडलेत आमच्याकडे पोतंभर."

"तुझ्या मागच्या बटाट्यांना कोंब होते, हिल्क्का. अजून विसरले नाही मी," सायमी म्हणाली आणि वर आली.

अख्ख्या कोत्का गावात रिकामी बाटली कुणी घरी नेत नाही. घरातून बाहेर नेतात. रिकाम्या बाटल्या घरी नेणाऱ्याला त्यात काहीतरी भरायचं असतं, आणि ओइवाला बाटलीत काय भरलेलं आवडतं हे सायमीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

आठ वर्षं झाली होती त्याला दारू सोडून. तेव्हा ती एकदाच बोलली होती, आवाज न चढवता. पुन्हा घरात लपवलेली बाटली सापडली तर मी लाहतीला बहिणीकडे जाईन, आणि परत येणार नाही. बहिणीकडे तिची खोली अजूनही होती. बहीण दर नाताळला आठवण करून द्यायची. सायमीला जायचं नव्हतं. पण बोललेला शब्द मागे घ्यायचा, तर मग पुढे कशावर उभं राहायचं, हेही तिला कळत नव्हतं.

तो न्हाणीघरात गेला की ती त्याच्या कॉफीच्या कपाचा वास घेई. कोटाच्या कॉलरचा घेई, लोकरीच्या हातमोज्यांचा घेई. आठ वर्षांत एकदाही काही सापडलं नव्हतं. त्यानं तिला धीर यायला हवा होता. उलट, तो लपवण्यात हुशार झालाय, असंच वाटत राही.

सोमवारी ओइवा दातांच्या डॉक्टरकडे गेला, तशी ती शोधायला लागली. दोन खोल्यांचं घर, लपवणार कुठे? न्हाणीघराला लागून दोन माणसांपुरती सौना, म्हणजे वाफेनं अंग शेकायची लाकडी खोली, होती. वीज महागल्यापासून तापवलीच नव्हती. शुक्रवारी ती दोघं तळघरातल्या सामाईक सौनेत जात, आणि घरातल्या सौनेत कोट, स्की, नाताळची खोकी असं सगळं कोंबलेलं असे. खालच्या फळीखाली सतरंजीची गुंडाळी होती. ती तिनं ओढली.

मागे बाटल्या होत्या. लेबलं सोलून काढलेली, गळ्यापर्यंत भरलेल्या, आत काचेसारखं स्वच्छ.

घरी गाळलेली दारूही अशीच दिसते.

तिनं एक उघडली. वास नाही. पण चांगल्या दारूला वास येत नाही, असं त्यानंच एकदा पिऊन छातीठोकपणे सांगितलं होतं. तिनं घोट घेतला.

पाणी.

ती फळीवर टेकली. क्षणभर हसू आलं, आणि लगेच गेलं. पाणी कोण लपवतं? पूर्वी तो तळघरात बोरांच्या रसाच्या बाटल्या मांडायचा आणि त्यांत एक वेगळी असायची. दहा खऱ्या, एक खोटी. पहिली उघडून बघणाऱ्याला रसच सापडायचा.

मग तिनं सगळ्या स्वयंपाकघरात आणल्या. पलंगाखाली आणखी निघाल्या, बुटांच्या कपाटात निघाल्या. टेबल भरलं, जमिनीवर रांग लागली. ती एकेक उघडून घोट घेत गेली. पोट तुडुंब भरलं तेव्हा नुसती तोंडाला लावून जिभेला टेकवू लागली. पाणी. पाणी. पुन्हा पाणी. प्रत्येक बाटलीगणिक तिचा संशय पुढच्या बाटलीत जाऊन बसत होता.

दार वाजलं तेव्हा एक तिच्या तोंडालाच होती.

ओइवा दारात उभा राहिला. एक गाल सुजलेला होता. कोट न काढताच तो समोर बसला.

"झाल्या का सगळ्या?" त्यानं विचारलं. सुन्न जिभेमुळे शब्द लोळत होते. तेवढ्यानंही ती दचकली.

"बोलणं असं का येतंय तुझं?"

"सुई दिलीय दाताला. बघायचाय का दात?"

"नको. पाणी का लपवलंस, ते सांग."

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मार्चमध्ये मोठा पाइप फुटला होता, आठवतं?"

"न आठवायला काय झालं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन मी पडून होते, आणि संडासात टाकायला पाणी नव्हतं."

"मी किटली आणि बोरांची बादली घेऊन टँकरच्या रांगेत गेलो. रांगेत राउनो होता. बाकीचेही होते, बंदरावरचे जुने पिणारे सोबती. थंडीवर उतारा म्हणून बाटली फिरत होती. माझ्यापर्यंत आली."

सायमीनं हातातली बाटली टेबलावर ठेवली.

"हातात घेतली," तो म्हणाला. "मग पुढच्याला दिली. पण घेतली, सायमी. मला त्या रांगेत पुन्हा उभं राहायचं नाही. तीन दिवस पुरेल एवढं पाणी घरात असलं, तर उभं राहावं लागणार नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो होतो. एक मोठा कॅन आणू म्हटलं. तू म्हणालीस, एवढे पैसे घालायचे आणि ठेवायचा कुठे, माझ्या डोक्यावर?"

ती तसंच म्हणाली होती.

"बाटल्यांना फारसे पैसे पडत नाहीत. साबणानं धुवायच्या, गार पाणी भरायचं, अंधारात ठेवायच्या. फक्त रसाच्या नकोत, वास जात नाही."

"ते तरी सांगायचं मला."

"काय सांगू? घरात बाटल्या लपवल्यात, पण पाण्याच्या आहेत, असं? काय केलं असतंस?"

खोटं बोलावं असं तिला वाटून गेलं. "चाखून बघितल्या असत्या."

"बघितल्यासच की." त्याच्या ओठाची न सुजलेली बाजू जराशी हलली. "कपांचाही वास घेतेस."

तिचे कान तापले. "तुला माहीत होतं?"

"म्हणून तर मी कप विसळत नाही. तसाच ठेवतो, तुला घेता यावा म्हणून."

ती टेबलाकडे बघत राहिली. मार्चमधला तो दिवस तिला आठवला. ओइवा उशिरा आला होता, बादली खाली ठेवून खिडकीशी उभा राहिला होता. पलंगावरून तिला उठता येत नव्हतं. त्याच्या कोटापर्यंत तिचं नाक पोचलं नव्हतं, असा आठ वर्षांतला तो एकच दिवस.

"एक राहिलीय," ओइवा म्हणाला. बाहेरच्या खोलीत जाऊन त्यानं सोफ्यामागून एक बाटली काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

त्याला वाटत असावं, ही ती उघडणार नाही. किंवा उघडेल असंच वाटत असावं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिनं झाकण फिरवलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत घोट घेतला. आजवर ती जे करत आली होती ते नेहमी बंद दाराकडे कान लावून.

"पाणी," ती म्हणाली.

"हं. तोंड लावलेलं पाणी टिकत नाही. आता सगळ्या पुन्हा धुवाव्या लागतील."

"मी भरते. तू झाकणं लाव."

"दोन-तीन महिन्यांनी बदलावं लागतं."

"तेव्हाही मीच भरेन."

"भर," तो म्हणाला आणि कोट काढायला लागला.

धुतलेल्या बाटल्या तिनं बेसिनवरच्या, तळाला जाळी असलेल्या कपाटात उलट्या निथळत ठेवल्या. नळ सोडला, आणि पाणी गार होईपर्यंत बोट धारेखाली धरून उभी राहिली.

"ओइवा, त्या दिवशी खरंच पुढच्याला दिलीस?"

"दिली."

ते मात्र चाखून बघता येत नव्हतं. तिनं पहिली बाटली नळाखाली धरली, काठोकाठ भरली, आणि मागे न बघता झाकणासाठी त्याच्याकडे दिली.