पिंजऱ्याची किल्ली

आमच्या गल्लीत झाडांची काळजी घेणारं एक मंडळ आहे, आणि मी त्यात आहे याचा मला दर रविवारी पश्चात्ताप होतो. मंडळाच्या प्रमुख म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणतात. बाईंना झाडांपेक्षा हजेरी प्रिय. सकाळी सातला हिरवी जाकिटं घालून उभं राहायचं, वहीत सही करायची, फोटो काढायचा आणि मग कुठं झाडाला हात लावायचा. फोटोत कुणाचे डोळे मिटलेले निघाले की पुन्हा फोटो. तोवर ऊन डोक्यावर येतं. ती जाकिटंही मीच शिवली. मंडळात शिंपी असल्यावर दुसरं काय होणार.

पण माझ्या दुकानासमोरचं झाड माझं. आठ वर्षांपूर्वी मी लावलं, मी जगवलं. पोरं फांद्या मोडायची, स्कूटरवाले स्कूटर टेकवायचे, म्हणून लोखंडी पिंजरा करून घेतला. त्याला दार लावलं, दाराला कुलूप घातलं. समोरच्या बाजूनं कमरेएवढ्या उंचीवर पाटी ठोकली: झाडाला हात लावू नये. पाणी बाहेरून पाइपनं घालायचं. किल्ली माझ्या गळ्यात, मापाच्या टेपशेजारी. आत हात घालायची कुणाची टाप नव्हती.

गेल्या वर्षी झाड शेंड्याकडून वाळायला लागलं. मला कारण शोधायला वेळ लागला नाही. शेजारी धाकट्या भावाचं धुलाईचं दुकान आहे. सोड्याचं पाणी बादल्या भरभरून निघतं तिथून.

"दादा, मी ते गटारात ओततो," तो म्हणाला.

"मग झाड काय हौसेनं मरतंय?"

त्यावरून आमचं असं वाजलं की चार महिने अबोला. बायको मात्र रोज जावेकडे बसून गप्पा मारते आणि घरी येऊन माझ्यासमोर ताट आपटते.

शेवटी मी पालिकेत अर्ज दिला. छापील अर्ज होता. त्यात एक रकाना होता: झाडाचे नुकसान करणाऱ्याचे नाव. तिथं मी बायकोच्या देखत धाकट्याचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं, पत्त्यासकट. पालिकेनं काय करावं? दोन महिन्यांनी एक माणूस आला, गाडीवरून न उतरता त्यानं वर बघितलं, हात लांब करून पिंजऱ्यावर कागद चिकटवला आणि गेला. झाड वाळलेले व धोकादायक, गुरुवारी तोडण्यात येईल. सोडा ओतणाऱ्याला साधी समजसुद्धा नाही, आणि माझ्या झाडाला फाशी. मी कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी बाई वही घेऊन हजर. "मुदत मागता येईल. पण झाड का वाळतंय ते लिहावं लागेल."

"लिहा की. सोड्याचं पाणी."

"माती बघितली मी. पाणी तिथवर पोचतच नाही. दार उघडा, खोड बघायचंय."

"खोडाला काय धाड भरलीय? आठ वर्षं मी बघतोय."

"बाहेरून," बाई म्हणाल्या. "किल्ली द्या."

मी चिडूनच किल्ली लावली. ती फिरेना. कुलूप गंजलं होतं. मंडळातले सहा जण सहा प्रकारे सल्ले देत होते, हात मात्र एकाचाही पुढे येत नव्हता. तेवढ्यात न बोलावता धाकटा आला, हातात तेलाची बाटली आणि पक्कड. माझ्याकडे न बघता त्यानं कुलपात तेल सोडलं, दोन झटके दिले. दार करकरत उघडलं.

पाटीच्या मागे, कमरेएवढ्या उंचीवर खोड आवळलेलं होतं. वर फुगलेलं, खाली बारीक, आणि मधल्या खाचेत सालीनं अर्धी गिळलेली तार. तारेखालून कापडाची चिंधी डोकावत होती.

रोप लहान असताना मी ते काठीला बांधलं होतं. तार काचू नये म्हणून खाली कापड गुंडाळलं होतं. काठी कधीच कुजून गेली. तार सोडवायला हवी हे माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण तिथं कुणी जाऊच नये याची व्यवस्था मीच चोख केली होती.

बाईंनी चिंधी बोटानं पुसली. मळाखालून हिरवी चौकडी दिसली. "हे आमच्या शाळेच्या गणवेशाचं कापड," त्या म्हणाल्या. तो गणवेश शिवणारा शिंपी गल्लीत एकच होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अख्ख्या शाळेला वाढत्या मापाचे कपडे शिवलेस, दादा," धाकटा म्हणाला. "यालाच बरं फिटिंगचं शिवलंस."

मी त्याच्या हातातून पक्कड घेतली. तार पकडीत येईना. त्यानं माझं मनगट धरलं आणि मग जमलं.

"ओढू नका, साल निघेल," बाई म्हणाल्या. "दिसेल तिथं तोडा, आतली राहू दे."

चार ठिकाणी तोडली.

"जगेल का?" मी विचारलं.

"नवा फुटवा आला तर जगेल. आधी गुरुवार टळू दे." आणि बाईंनी वहीतून कोरा अर्ज काढला. तोही त्यांच्याकडे असणारच.

दुकानात कापड बेतायच्या टेबलावर अर्ज पसरून मी लिहायला बसलो. धाकटा माझ्या खांद्यामागे उभा राहिला. चार महिन्यांनी त्यानं या दुकानात पाऊल टाकलं होतं. कारण लिहिलं, मुदत लिहिली. मग तो रकाना आला. नुकसान करणाऱ्याचे नाव. तिथं मी माझं नाव लिहिलं.

धाकट्यानं वाकून बघितलं.

"ठळक लिही, दादा. माझं लिहिलं होतंस तसं."