टिटव्यांच्या बेटावरचा पिंजरा

मित्रांनो, मी उंदीर धरण्याचा एक जुना पिंजरा आहे आणि आज मी फार रागावलो आहे.

माझी फळी सागाची, जाळी जाड तारेची. हडपसरच्या तात्यारावांच्या किराणा दुकानात माझे उमेदीचे दिवस गेले. सकाळी माझे दार पडलेले दिसले की ते म्हणत, "शाबास रे पठ्ठ्या!" पुढे दुकान बंद झाले आणि मी माळ्यावर पडलो. तिथून मला खाली काढले त्यांच्या मुलीने, नम्रताने.

हडपसरच्या पुढे नदीत एक लहानसे बेट आहे. तिथे टिटव्या उघड्या गोट्यांत अंडी घालतात. नम्रता होडीने जाऊन लांबूनच त्यांना बघत बसे. तेव्हा बेटावर एकही उंदीर नव्हता. मग काठावर मोठी सोसायटी झाली. तिथले सलिलराव दर रविवारी मंडळी घेऊन येऊ लागले. पक्ष्यांसाठी ज्वारीची पोती, शिळे पाव, फरसाण! त्या पोत्यांतूनच उंदीर उतरले. खाऊन माजले आणि वाढतच गेले.

नम्रताने मला बेटावर नेऊन माझ्या आकड्याला भजे अडकवले. उंदीर आले, मला हुंगले आणि ज्वारीच्या ढिगाकडे निघून गेले. रोज तेच.

"तुमचा पिंजरा गंजलाय. नवा घ्या," सलिलराव म्हणाले.

"काका, शेजारी तुम्ही पंगत घातलीत. एका भज्यासाठी तुरुंगात कोण जाईल?"

"अहो, आम्ही पक्ष्यांना घालतो, उंदरांना नाही."

"उंदरांना वाचता येत असतं, तर तशी पाटी लावली असती."

मंडळी हसली. मला हसू आले नाही.

मे महिन्यात सोसायटी सुटीला गावोगाव गेली. ढीग संपला आणि ती सगळी उंदरांची फौज उपाशी पडली. एका संध्याकाळी पहिला उंदीर माझ्यात शिरला. खट्! पण मी एका वेळी एकच धरू शकतो. बाकीचे माझ्यासमोरून टिटवीच्या अंड्यांकडे गेले. ती पंख पसरून, ओरडत त्यांच्यावर धावली. एकाला हुसकावी, तोवर दुसरा मागून येई. माझ्या पोटात एक उंदीर, आणि मी दार लावून नुसता बघत होतो!

नम्रताला ओली टरफले तेवढी सापडली.

सुटी संपल्यावर सलिलराव नवे पोते घेऊन आले. टरफले बघून म्हणाले, "बघा! काय उपयोग या पिंजऱ्याचा?" आणि त्यांनी मला पायाने लोटले. माझ्या तारा वाकल्या.

नम्रता होडीपुढे जाऊन उभी राहिली. "पोतं उतरवू नका."

"अहो, पुण्याचं काम आहे हे!"

तिने त्यांच्या तळहातावर टरफल ठेवले. "मग हे पुण्य टिटवीला समजावून सांगा."

वर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. सलिलरावांनी टरफल हळूच गोट्यांत ठेवले. त्यांनी माफी मागितली नाही. पोते मात्र होडीतच परत गेले.

आता माझे दार रोज पडते, तरी उंदीर सरत नाहीत. मित्रांनो, माझ्या नावाने बोटे मोडू नका. एका हाताने पोसलेले उंदीर दुसऱ्या हाताने धरून संपत नसतात. आपला खाऊ आपल्या डब्यात परत न्या. आणि फारच दया आली, तर आधी आठवा, टिटवीने तुमच्याकडे कधी काही मागितले होते का?