धोंड्याच्या वाणाचा प्रिंटर

सासऱ्याकडून लालासाहेबाला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडू. नव्व्याण्णव सालच्या मे महिन्यात धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांतून एकदा येणारा, जावयांच्या मानाचा. कवठे महांकाळच्या केरबांना दोन मुली, म्हणून दोन जावई. बेदाण्याच्या पैशातून त्यांनी दोघांनाही एकेक तोळ्याची अंगठी धरली होती. म्हणजे लालासाहेबाच्या नावावर एक तोळा सोनं, तेहतीस अनारसे, पोशाख आणि वर पुरणपोळीचं जेवण. त्यातलं सोनं त्याच्या बायकोनं, मायानं, मनातल्या मनात कधीच आटवलं होतं. तिच्या हातातल्या पाटल्या झिजून पत्र्यासारख्या झाल्या होत्या. हा तोळा घालून त्या नव्या घडवायच्या, असं नवराबायकोचं ठरलंही होतं.

ही झाली जमेची बाजू. आता साडू.

साताऱ्याचा नानासो म्हणजे मायाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बँकेत कारकून. कुठल्याशा लिलावात त्यानं जुना कॉम्प्युटर स्वस्तात उचलला होता. त्यानं केरबांना सांगितलं, "मामा, अंगठी नको. त्येवढ्याच पैशात आमच्या स्वप्नाच्या शाळेच्या कामाला प्रिंटर घिऊ." प्रिंटर म्हणजे काय ते केरबांना कळलं नाही. पण जावई सोनं नको म्हणतोय एवढं कळलं, आणि तेवढं त्यांनी एसटी स्टँडापासून सोसायटीपर्यंत सगळ्या गावाला सांगितलं.

लालासाहेब सांगलीत राहायचा, कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर सुपरवायझर होता. ही बातमी पोचली त्या रात्री त्याला भाकरी गोड लागली नाही.

"मलाबी प्रिंटरच पायजे," तो म्हणाला.

"आवं, पन आपल्याकडं कॉम्प्युटर कुठं हाय?" मायानं विचारलं.

"त्याच्याकडं तरी आदी कुठं हुता?"

"आन् अंगठी?"

"अंगठी काय, कुनीबी घालतंय. त्येची स्वप्ना नववीत, आपली शिवांजलीबी नववीत. तिनं छापून द्यायचं आन् आपल्या पोरीनं हातानं लिवत बसायचं व्हय?"

"पप्पा, माझं अक्षर चांगलं हाय की," शिवांजली म्हणाली.

"तू गप."

खरेदी सांगलीतच ठरली. केरबा दोन्ही जावयांना घेऊन दुकानात आले. दुकानदारानं दोन नग पुढं ठेवले. एक नवाकोरा रंगीत इंकजेट, सहा हजारांचा. दुसरा डॉट मॅट्रिक्स, सुया मारून कर्र कर्र छापणारा. तो नवा घ्यायचा तर परवडत नव्हता, पण एका कारखान्यातून आलेला वापरलेला पाच हजारांत मिळत होता.

नानासोनं यंत्राला हातही लावला नाही. "शाई केवढ्याला पडती?" एवढंच विचारलं.

"इंकजेटचं कार्ट्रिज बाराशे. ह्याची रिबन सत्तर."

केरबांना तेवढ्यात सगळा प्रिंटर उमगला. "म्हंजे ती म्हस स्वस्त, पेंड म्हाग. आन् ही रेकती लय, पन कडब्यावर भागवती."

"मला हीच द्या," नानासो म्हणाला. "शाळेचं काम काळ्या अक्षराचंच असतंय."

लालासाहेब दुकानाला ऐकू जाईल असा हसला. "साडूभाऊ, असल्यावर आमच्यात पगाराच्या चिठ्ठ्या काढत्यात. आमाला रंगीत द्या. वरचं हजार माझ्या खिशातनं."

केरबांनी त्याला बाजूला घेतलं. "जावईबापू, सोनाराला म्या अजून नको म्हनलेलं न्हाई. तुमची अंगठी तयार हाय."

"मामा, दोन जावयांत दुजाभाव नको."

केरबांनी पैसे मोजले. दुकानदारानं कार्ट्रिज घालून स्वतःच्या कॉम्प्युटरवरून एक कागद काढून दाखवला. त्यावर रंगीत फुगे होते. मग पावती लिहिताना त्यानं सहज विचारलं, "साहेब, तुमचा कॉम्प्युटर कुठला?"

"येनार हाय."

"कवा?"

"तुमी पावती फाडा."

घरी मायानं प्रिंटरला भरतकामाचं झाकण शिवलं. फुग्यांचा कागद लालासाहेबानं साठ रुपये देऊन फ्रेम केला आणि बाहेरच्या खोलीत लावला. आलेल्या पाहुण्याला तो दाखवायचा आणि म्हणायचा, "आपल्या प्रिंटरचा हाय." खोटं काहीच नव्हतं. त्या प्रिंटरमधून आजवर निघालेला तो एकमेव कागद होता.

दिवाळीच्या सुट्टीत शिवांजलीला शाळेनं प्रकल्प दिला, जिल्ह्यातल्या पाण्यावर. लालासाहेबानं बेत केला. प्रिंटर साताऱ्याला न्यायचा, नानासोच्याच कॉम्प्युटरला जोडायचा आणि नानासोच्या डोळ्यांदेखत रंगीत पानं काढायची. एसटीत कंडक्टरनं नवराबायको आणि पोरीच्या तिकिटांबरोबर प्रिंटरचं वेगळं तिकीट फाडलं. लालासाहेबानं ते खुशीनं घेतलं.

साताऱ्यात स्वप्नानं वायर जोडली. दोघी मावसबहिणींनी बसून अठरा पानं टाइप केली. पहिला कागद आला तो कोरा. दुसरा कोरा. तिसऱ्यावर एक फिकट लाल रेघ.

नानासोनं कार्ट्रिज काढून उजेडात धरलं. "साडूभाऊ, शाई वाळली ही. पाच म्हैनं म्हस नुसती दावनीला बांधली. आटनार न्हाई तर काय?"

"नवं आनतो," लालासाहेब म्हणाला, आणि पाकीट उघडून पुन्हा मिटलं.

"कशाला? आपल्यावर काढू की."

"नको! तुमच्या सत्तर रुपयाच्या रिबनीचं उपकार नकोत."

शिवांजलीनं फक्त आईकडं बघितलं. मे महिन्यापासून या विषयावर तोंड न उघडलेली माया म्हणाली, "काढा दाजी. काय रेकायचं त्ये रेकू द्या."

अठरा पानं निघेपर्यंत लालासाहेब अंगणात उभा होता. पण कर्र कर्र अंगणातही येत होती. नकाशाची जागा कोरी सोडली होती. दोघी पोरींनी ती रंगीत पेन्सिलींनी भरली.

परतीच्या गाडीत प्रिंटर लालासाहेबाच्या मांडीवर होता. कराड मागं पडल्यावर तो म्हणाला, "माया, नानासोच्यासारखा जुना कॉम्प्युटर केवढ्याला पडंल गं?"

मायानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

तर शेवटची बेरीज अशी. केरबांचे दोन्हीकडं मिळून दहा हजार गेले, त्यातले निम्मे कामाला आले. लालासाहेबाचे वरचे हजार, फ्रेमचे साठ आणि प्रिंटरची जाता-येताची तिकिटं. नानासोची अठरा पानांची शाई गेली. तिचे पैसे त्यानं घेतले नाहीत, तेच लालासाहेबाला सगळ्यात महाग पडलं. मायाचा एक तोळा गेला. पाटल्या अजून तिच्या हातात आहेत, म्हणून त्या इथं धरलेल्या नाहीत.