गुळाची नवरी

लढाईच्या दिवसांत आमच्या गावात गूळ ढिगानं पडलेला आणि घासलेट औषधालाही मिळेना. त्यात सरकारनं गूळ हद्दीबाहेर न्यायलाच बंदी घातली. काय डोकं म्हणायचं!

मग गावातल्या लालासाहेबानं गुळाच्या दोन ढेपा एकावर एक रचल्या, त्यांना लुगडं नेसवलं, मुंडावळ्या बांधल्या आणि ही नवरी गाडीत बसवून वऱ्हाड हद्दीपलीकडं सांगलीला काढलं. नाक्यावरच्या मानसिंग हवालदारानं पदरावर चढणारे मुंगळे पाहिले. पण हळद लागलेल्या पोरीचा पदर परक्यानं कसा सरकवायचा? त्यानं गाडी सोडली.

दोन दिवसांनी दिवेलागणीला नवरी मांडवपरतणीला माहेरी निघाली. लुगडं तेच, आत गुळाच्या बदल्यात आणलेले घासलेटचे डबे.

नाक्यावर मानसिंगनं हवेत नाक वर केलं. बिडी तोंडात धरून खिशातली काडीपेटी काढली.

"आवं लालासाहेब, आता तरी पोरीचं तोंड बघू द्या. थांबा, उजेड करतो."

काडी ओढायच्या आत अख्खं वऱ्हाड उड्या टाकून उसात पळालं. सगळ्यात पुढं लालासाहेब.

मानसिंगनं बिडी न पेटवताच कानावर ठेवली आणि उसाकडं तोंड करून ओरडला, "आवं, पोरगी एकटीच ऱ्हायली की! आता हिला मीच नांदवतो. माझ्या घरात लय अंधार हाय!"