दोन तांबड्यांच्या पोटचा पांढरा

मी मनसारामभाऊचा पांढरा कोंबडा बोलतोय. हळूच बोलतोय, कारण सुरीचं नाव काढलं तरी माझी मान आपोआप आत जाते. भित्रा म्हणा, काहीही म्हणा. जीव एकच आहे ना!

धानोऱ्याकडच्या एका तलावाकाठच्या गावात मी अंड्यातून निघालो. आई तांबडी, बाप तांबडा, आणि पिसं फुटली तशी मी पांढराफेक! शेजारच्या नथ्थूने लगेच भांडण काढलं, "हे अंडं माह्या कोंबडीचं हाये!" मनसारामभाऊच्या बायकोने, वच्छलाबाईने, त्याला दारातूनच परत पाठवलं.

मनसारामभाऊ तलावात जाळं टाकतो, बाई मासोळ्या विकते. ती आता पोटुशी आहे. थोरली लेक रिंकू, तिचा माझ्यावर भारी जीव. पण गारठा पडला की तिचे हातपाय ठणकत, डोळे पिवळे होत. त्या सकाळी तर ती अशी किंचाळली की मी छपरावरच उडालो.

पुजारी पोचूबाबा म्हणाला, "करनी हाये. पांढरा कोंबडा द्या लागते."

झालं! माझ्या पायात सुतळी आली. मनसारामभाऊने मला बगलेत दाबलं. त्याचंही काळीज माझ्यासारखंच धडधडत होतं.

तेवढ्यात घरोघरी तब्येतीची विचारपूस करणारी आशाताई दिव्यानी आली. "भाऊ, हे सिकलसेल दिसून राह्यलं. रक्तातली बिमारी हाये. मायबापाकडून येते. पोरीले दवाखान्यात न्या."

"आमी दोघंबी धडधाकट. मंग पोरीले काऊन होईन?"

दिव्यानीने माझ्याकडे बोट केलं. मी मान आत घेतली.

"याचे मायबाप तांबडे ना? मंग हा पांढरा कसा? लेकराले एक हिस्सा मायचा भेटते, एक बापाचा. दोघांतबी पांढऱ्याचा एकेक हिस्सा लपून होता, तांबड्यापुढे दिसत नव्हता. याच्या वाट्याले दोन्ही पांढरेच आले. रिंकूचं तसंच असन."

"आधी कोंबडा, मंग दवाखाना!" पोचूबाबा खेकसला. त्याची सुरी माझ्या मानेला टेकली. मेलो रे देवा!

वच्छलाबाईने कण्हणारी रिंकू उचलली आणि सरळ नवऱ्याच्या अंगावर दिली. लेक धरायची तर हात मोकळे हवेत. मी धप्पकन खाली पडलो आणि कुडाखाली घुसलो. रिंकूला दवाखान्यात नेणाऱ्या मोटारसायकलचा आवाज लांब गेला तरी बाहेर आलो नाही.

तिघांचं रक्त तपासलं आणि दिव्यानीचं बोलणं खरं निघालं. रिंकू आता रोज गोळ्या घेते. दुखणं कमी आहे, गेलेलं नाही. पोराबाळांनो, सोयरीक जुळवायच्या आधी दोघांचंही रक्त तपासून घ्या. लपलेलं दाखवायला मी काही प्रत्येक अंगणात उभा नसतो.

दिव्यानी बाईला म्हणाली, "हर खेपेले वाटणी नवी होते. चारात एकाची भीती असते. लेकरू झालं की लगेच रक्त तपासू." तेव्हापासून बाई दाणे टाकायला आली की मला बघते, आणि तिचा हात पोटावर जातो.

बाई, सुरीला मी भितोच, पण तुझ्या या नजरेला जास्त भितो. माझ्याकडे नको गं बघू. माझ्यासोबत तीन तांबडी भावंडंही निघाली होती. त्यांच्याकडे बघ.