जवारी लावलेली गिटार

कुकरची शिट्टी माझ्या गिटारीत गेली, त्या दिवशी आमच्याकडं वरण करपलं. शालन, म्हणजे माझी बायको, हॉलमध्ये शेंगा सोलत शिट्ट्या मोजत बसली होती. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी उडत होती, वाफ भसाभसा बाहेर पडत होती, पण आवाज नव्हता. मी तिच्या शेजारी बसून, तीन बोटांनी तारा दाबून, आयुष्यातली पहिली स्वच्छ सी कॉर्ड वाजवली, आणि गिटारीतून कुकरची शिट्टी झाली.

'अहो, कुकर तिकडं आणि शिट्टी इकडं?' शालन म्हणाली.

'झाली ना? मग मोज की.'

मला कॉर्ड जमल्याचा आनंद एवढा होता, की बाकीचं मी कानाआड केलं. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, शुगर मोजतात. मी गिटार आणली. गल्लीत म्हातारचळ म्हणून झालं, साठी बुद्धी नाठी म्हणून झालं. म्हणेनात का! माझी बोटं सुजली, सोलली, त्यांना घट्टे पडले, तरी मी सोडलं नाही. चर्चमध्ये गिटार वाजवणारे लोंढे सर मला शिकवायचे. माझ्या मुलाच्या वयाचे, पण फार सोशिक माणूस.

आता जवारीचं सांगतो. मी मिरजेचा. तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत लहानाचा मोठा झालो. आमच्याकडं तारेखाली बारीक दोरा सरकवून तिचा सूर रेंगाळत ठेवतात, ती जवारी. जवारी नसलेलं तंतुवाद्य म्हणजे मुकं पोर, असं आम्ही समजतो. नवी गिटार मला मुकीच वाटली. छेडली की सूर निघायचा आणि लगेच मरायचा. म्हणून मी घरीच तिची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, कानशीनं घासली आणि प्रत्येक तारेखाली सुती दोरा घातला.

लोंढे सरांनी ते बघून कपाळाला हात लावला. 'काका, गिटारीला जवारी नसते हो.'

'नसेल तुमच्याकडं. मिरजेत असते.'

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! सूर आता खरंच रेंगाळायला लागला. पण माझी गिटार सुराबरोबर घरातले आवाजही धरून ठेवायला लागली. एक कॉर्ड स्वच्छ जमली, की घरातला एक आवाज आत. जी कॉर्डला मिक्सर गेला. ए मायनरला खिडकीतली कबुतरं गेली. ती तशीच गळे फुगवून बसायची, पण घुमायची गिटारीत. डी कॉर्डला शालनच्या बांगड्या गेल्या. ती भाकरी थापायची तेव्हा हात नुसते हलताना दिसायचे.

शालननं तेवढी एकच गोष्ट मनाला लावून घेतली. 'बांगड्या नेल्यात ते नेल्यात,' ती म्हणाली, 'पण आता बास करा. उरलंय काय घरात?'

'नळ आहे, पंखा आहे.'

'आणि मी आहे.'

'तुझा आवाज न्यायला गिटारीला अजून एक खोली बांधावी लागेल,' मी म्हणालो. ती हसली. ते हसू मी नीट ऐकून घ्यायला हवं होतं.

एफ कॉर्ड फार अवघड असते. एकच बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबाव्या लागतात. लोंढे सर म्हणायचे, एफ जमला की गिटार आली म्हणा. मीही हट्टाला पेटलो. गेलाच तर पंखा जाईल, असा माझा हिशेब होता. एका दुपारी शालन चहाचा कप घेऊन आली, 'अहो, चहा' म्हणाली, आणि त्याच वेळी एफ सणसणीत वाजला. तिचे ओठ पुढे हलत राहिले. आवाज आला नाही. मी घाबरून पुन्हा तारा छेडल्या.

'गार होतोय,' गिटार शालनच्या आवाजात म्हणाली.

कप तिच्या हातातून पडला. पंखा डोक्यावर खडखडत होता.

मी दोरे उपसायला गेलो. ओढला तसा दोरा लांबत गेला. हॉलभर दोरा झाला, त्याचं दुसरं टोक काही निघेना, आणि तो हाताला कोमट लागत होता. मग मी तारा सैल करायला लागलो, तर शालननं स्वतःचा गळा धरला आणि तिचा चेहरा काळानिळा पडला. मी घाईघाईनं तारा परत ताणल्या. ती घटाघटा पाणी प्यायली आणि मला हातानंच खुणावलं, नको.

मग आमचं तसंच चालू झालं. तिला काही बोलायचं असलं की ती समोर येऊन बसायची, मी एफ धरायचो. भाजी कुठली आणू, गुडघा कसा आहे, सगळं गिटारीवर. पुण्याहून लेकीचा फोन आला, की मी फोनशेजारी बसून वाजवायचो.

'आई, मागं गिटार वाजतेय का?' लेक विचारायची.

'तुझ्या बाबांचं चाललंय काहीतरी,' गिटार म्हणायची. शालन तोंड हलवत माझ्याकडं बघायची आणि तिचे डोळे भरून यायचे. माझी बोटं फाटली, तारांना रक्त लागलं. तरी मी थांबत नव्हतो. चाळीस वर्षं जो आवाज मी अर्ध्या कानानं ऐकला, तो आता एकदा थांबला तर परत येईल की नाही, याची मला भीती वाटत होती.

पुढे एकदा शालन समोर बसून मेथी निवडत होती. तिचे ओठ मिटलेले होते. मी सहज एफ वाजवला.

'अहो,' गिटारीतून ती म्हणाली, 'इथं शिट्ट्यांवर शिट्ट्या होतायत, आणि मला गॅस सापडत नाही.'

मी शालनकडं बघितलं. मेथी तिच्या हातातून गळून पडली.

'कुठं आहेस तू?' मी गिटारीला विचारलं.

'घरातच की. पण भिंती लाकडाच्या आहेत. कबुतरं आहेत. बांगड्या आहेत माझ्या. तुम्ही कुठं दिसत नाही. मला एकटीला फार भ्या वाटतंय हो.'

त्यानंतर आतली ती शालनच्या ओठांची वाट बघेनाशी झाली. हाक मारायची, रडायची. समोरची शालन गिटारीच्या भोकाला कान लावून स्वतःचं रडणं ऐकत बसायची. पुसायचं कुणाचं तोंड, ते मला समजायचं नाही.

लोंढे सर आले तेव्हा मी विचारलं, 'एफनंतर काय?'

'बी मायनर. पण काका, बोटांची काय दशा करून घेतलीय! थोडं थांबा.'

'शिकवा,' मी म्हणालो.

बी मायनर करताना मी मुद्दाम बोलत राहिलो, मोठ्यानं, सारखा, म्हणजे जायचा तर माझाच आवाज तिच्याकडं जाईल. शालनला सगळं समजलं होतं. तिनं माझं मनगट धरलं, मान हलवली, आणि शेवटी स्वतःच हात काढून घेतला. 'शालन, मी आलोच,' मी म्हणत होतो. 'आलोच' हा शब्द माझ्या घशातून निघाला आणि लाकडात जाऊन वाजला.

'आलात?' तिनं आत विचारलं.

'आलो गं बाई. केवढा पसारा हा!' माझा आवाज म्हणाला.

'शिट्ट्या ऐकताय ना? गॅस कुठाय ते बघा आधी.'

शिट्ट्या थांबल्या. आत ती हसली, तेच हसू. मी आणि शालन बाहेर गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. मी एकदा एफ, एकदा बी मायनर वाजवत होतो, कारण मी थांबलो की आतली ती दोघं थांबत होती. तिचं रडणं संपलं होतं. मला इतकं हलकं वाटलं, की मीही रडलो, बिनआवाजाचा.

'कुणी वाजवतंय का हो बाहेर?' ती म्हणाली.

'बाहेर?' माझ्या आवाजानं कानोसा घेतला. 'बाहेर कोण असणार? आपण दोघं तर आत आहोत.'

'मग पानं घेते. बसा.'

'बसतो.'

मी पुन्हा एफ धरला. एफ वाजला. नुसता एफ, स्वच्छ, रेंगाळणारा. बी मायनर वाजवला, तोही तसाच. कितीही छेडलं तरी गिटार फक्त गिटारीसारखी वाजत राहिली. शालन पुढे वाकली, आणि वाकडं केलेलं बोट तिनं गिटारीच्या पोटावर ठोठावलं, परक्या घराचं दार वाजवतात तसं, हळूच.