कुवाबारा-सानचे चौदा जण

“विभा, क्लिपा पण काढायच्या का गं?” बरोबर कामाला आलेल्या दिपालीने जमिनीवर बसल्या बसल्या विचारलं.

“काढायच्याच. आणि फोटो वेगळे. मागच्या महिन्यात एक फोटो रद्दीत गेला आणि अख्खा गठ्ठा परत आला, आठवतंय ना?”

“आठवतंय बाई. त्यावरचं तुझं लेक्चरही आठवतंय.”

विभा हसली, पण हात थांबला नाही. इचिकावातलं हे जुनं घर दोन दिवसांत रिकामं करायचं होतं. घराचे मालक कुवाबारा-सान नव्व्याण्णव वर्षांचे. परवा ते वृद्धाश्रमात राहायला जाणार होते. एका कंपनीतर्फे अशी घरं आवरण्याचं काम विभा चार वर्षं करत होती. नवऱ्याच्या संशोधनापायी जपानात, निशी-कसाईला आली, तेव्हा कचऱ्याचे प्रकार वाचूनच तिला घाम फुटला होता. आता शेजारच्या जपानी बायका कुठलं झाकण कुठे टाकायचं ते तिला विचारत, आणि सांगताना तिची मान जराशी ताठ व्हायचीच. कागद सुतळीने बांधायचे, धातू निराळा, फोटो पांढऱ्या खोक्यात. ते खोकं पुढे देवळात जायचं, कारण माणसांचे चेहरे कचऱ्यात टाकायला कुणाचा हात धजत नाही. ठेवायच्या वस्तूंवर कुवाबारांच्या मुलीने, कियोको-सानने, लाल चिठ्ठ्या लावल्या होत्या. देव्हाऱ्याशेजारच्या पत्र्याच्या डब्यावर चिठ्ठी नव्हती.

डब्यात चौदा पत्रं निघाली. प्रत्येकाला क्लिपने एका तरुणाचा फोटो लावलेला. विभाने क्लिपा उपसल्या, पत्रं रचून त्यांना सुतळी आवळली आणि चौदा चेहरे खोक्यात ठेवले. पाच मिनिटांचं काम होतं.

तीन वाजता कियोको-सान वडिलांची चाकांची खुर्ची ढकलत आत आल्या. दिवसभर ते वृद्धांच्या एका केंद्रात असत.

“आज अकरा तारीख,” कुवाबारा-सान म्हणाले. “डबा दे.”

कियोको-साननी रिकामा डबा पाहिला, मग सुतळीचा गठ्ठा पाहिला. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईचा चेहरा खर्रकन उतरला. विभाला बाजूला घेऊन त्या हळूच म्हणाल्या, “चिठ्ठी लावायची राहिली. चूक माझी आहे.”

“कुणाचे फोटो आहेत हे?”

“लढाई संपल्यावर बाबांना रशियनांनी सायबेरियाच्या छावणीत नेलं. तीन हिवाळे लाकडं तोडायला. हे चौदा जण बाबांसमोर गेले. ज्याचा दिवस असेल त्याचा फोटो ते देव्हाऱ्यात ठेवतात, नावाने उदबत्ती लावतात. नावं सगळी पाठ आहेत. चेहरे मात्र विसरलेत. कुठला चेहरा कुणाचा, हे त्या पत्रांवरूनच कळायचं. आज साकुमांचा दिवस.”

विभाने सुतळीच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. ही बाई ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

“अगं, तुला काय स्वप्न पडणार होतं?” दिपाली कुजबुजली. “डब्यावर काही लिहिलं नव्हतं.”

“आत लिहिलं होतं की! एक तरी पत्र वाचायचं होतं. लोकांची पत्रं मी वाचत नाही म्हणून मिरवते ना मी.”

तिने सुतळी सोडली आणि तिथेच फतकल मारली. चार फोटोंच्या मागे नावं होती. उरलेले दहा नुसते बघत राहिले. कुणाची टोपी मोठी, कुणाचे कान मोठे, एकाला तर मिसरूडही फुटलं नव्हतं. दिपालीने एक फोटो उलटा करून उजेडात धरला.

“हे बघ. गंजाचा डाग. पत्रावर पण असेलच ना?”

होता. क्लिपने फोटोवर आणि पत्रावर एकाच जागी, एकाच तिरकेपणाने तपकिरी रेघ उमटवली होती. दोघी डागाला डाग जुळवत बसल्या. आता विभा पत्रंही वाचत होती. वाचताना तिला कळलं की चौदाही पत्रं वेगवेगळ्या आयांची होती आणि सगळ्यांचं विचारणं एकच होतं. तुमच्यासमोर गेला तो सोबतच्या फोटोतलाच मुलगा का? की तुम्ही पाहिलात तो दुसराच कुणी होता?

पाच वाजेपर्यंत दहातले सात जुळले. तीन उरले. त्यांच्या क्लिपा कधीतरी बदललेल्या, चकचकीत स्टीलच्या. डाग पडलाच नव्हता. साकुमा त्या तिघांतच होता.

विभा तीन फोटो आणि तीन पत्रं घेऊन खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. कपाळ टेकवून तिने माफी मागितली. जपानीतली सगळ्यात आदराची वाक्यं तिला येत होती, पण तोंडातून निघालं ते साधंच: “माझ्यामुळे झालं.”

कुवाबारा-साननी तिन्ही फोटो पाहिले. “परत येताना बंदरावर रशियनांनी आमचा कागद न् कागद काढून घेतला,” ते म्हणाले. “घेणार हे ठाऊक होतं, म्हणून आधीच नावं पाठ केली होती. करवतीच्या एका ओढीला एक नाव, गाव, जिल्हा. परत आलो आणि चौदाही घरांना मुलगा गेल्याचं कळवलं.”

“आणि त्यांनी हे फोटो पाठवले.”

“वाचलंत ना, का पाठवले ते? ‘नाही, तो हा नव्हे,’ असं मी लिहावं म्हणून. मी चौदा जणींना लिहिलं, हाच. खात्री आहे. एकीने उलट टपाली आभार मानले. ते पत्र मला घरात ठेववलं नाही.”

कियोको-सान दारात उभ्या होत्या. वडिलांच्या तोंडून हे त्या पहिल्यांदाच ऐकत असाव्यात.

म्हाताऱ्यांनी तिन्ही फोटो पुन्हा एकेक करून डोळ्यांजवळ नेले. ओठ हलत होते. तीन नावं ते तीन चेहऱ्यांवर ठेवून बघत होते, आणि एकही बसत नव्हतं.

“नाही सांगता येत,” ते म्हणाले. विभाला रडू आवरेना. त्यांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. “विभा-सान, कागद आहे का? माझा हात आता चालत नाही.”

तिने कागद आणला.

“लिहा. पत्र मिळालं. फोटो पुन्हा नीट पाहिला. हा तोच, असं मला खात्रीने सांगता येत नाही.”

“बाबा,” कियोको-सान म्हणाल्या, “त्या केव्हाच गेल्या.”

“ठाऊक आहे. पत्रं तीन हवीत.”

विभाने आपल्या शाळकरी वळणाच्या जपानी अक्षरात तेच तीनदा लिहिलं. वर एकेका आईचं नाव घातलं, साकुमांच्या आईचं सगळ्यात आधी.

“तारीख कुठली घालू?” तिने विचारलं.

“आजची.”

कियोको-साननी वडिलांचा सहीऐवजी मारायचा शिक्का आणून दिला. कुवाबारा-साननी तो तिन्ही कागदांवर उमटवला, आणि लाल शाई वाळेपर्यंत एकेका पत्रावर हळूहळू फुंकर घालत बसले.